.१७७, .२२ की .३२? पिस्तूल नेमबाजीत नव्याने येणाऱ्यांसाठी कॅलिबरचा हिशोब

रेंजवर नवीन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न जवळपास ठरलेला असतो, "सर, कुठलं कॅलिबर घेऊ?" कधी दहावी झालेला मुलगा विचारतो, कधी मुलीला घेऊन आलेली आई, कधी नोकरीत स्थिरावून आता छंदाला वेळ काढू शकणारा माणूस. मी उलट विचारतो, "कुठल्या प्रकारात उतरायचंय?" त्यावर बहुतेक जण गप्प होतात. त्यात त्यांची चूक नाही. पिस्तुलाची ओळख झालेली असते ती सिनेमातून, नाहीतर पोलिसाच्या कमरेला पाहून. स्पर्धेत मात्र कॅलिबर प्रकाराच्या मागून येतं. प्रकार ठरला की कॅलिबर नियमपुस्तकानं ठरवूनच ठेवलेलं असतं. आपल्या हातात उरतो तो क्रम : आधी काय, नंतर काय आणि कधी. नवख्याचं भलं होतं किंवा वर्ष वाया जातं ते या क्रमामुळे.

पहिली पायरी : आकडे नीट वाचा

कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं नळीच्या आतल्या भोकाचा व्यास. .१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर, .२२ म्हणजे ५.६ मिलिमीटर, आणि .३२ ची गोळी साधारण ८ मिलिमीटरची. रेंजवर याला 'वन सेव्हन सेव्हन', 'टू टू', 'थ्री टू' म्हणतात.

नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवून खरेदी केली की फसगत होते. तीन ठिकाणी ती सर्रास होताना मी पाहिली आहे.

पहिली फसगत एअर पिस्तुलाची. दुकानदार सांगतो, "यात टू टू पण येतं, जास्त पॉवर आहे." .२२ चं एअर पिस्तूल १० मीटरच्या स्पर्धेत चालत नाही. तिथे ४.५ मिलिमीटर एवढंच चालतं. पॉवरचा तर इथे काही उपयोगच नाही, कारण समोर कागद आहे.

दुसरी फसगत थोडी अवघड, कारण तिथे आकडा बरोबर असतो. डब्यावर ४.५ मिलिमीटर लिहिलेलं असतं, पिस्तूल खऱ्यासारखं दिसतं, आत गॅसची छोटी नळकांडी बसते आणि ते लोखंडी गोल बीबी, म्हणजे छर्रे, मारतं. अशा पिस्तुलाची नळी आतून गुळगुळीत असते, त्यामुळे बीबीला फिरकी मिळत नाही आणि ती कुठेही जाते. वर लोखंडी बीबी कठीण पृष्ठभागावरून उसळून मागे येते. स्पर्धेसाठी नळीत आटे हवेत आणि पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची गोळी, शिशाचं, सपाट तोंडाचं हवं.

तिसरी फसगत .३२ ची. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पहिलं '.३२ स्मिथ अँड वेसन लाँग', लांब आणि बुडाशी कड असलेलं. दुसरं ७.६५ ब्राउनिंग, म्हणजे '.३२ एसीपी', आखूड. एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही. स्पर्धेची सेंटर फायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर पिन आपटणारी) पिस्तुलं साधारणपणे पहिल्या काडतुसावर बेतलेली असतात. घरी वडिलांच्या परवान्यावर .३२ आहे म्हणून सेंटर फायर खेळायला येणाऱ्याला हे आधीच सांगावं लागतं.

दुसरी पायरी : प्रकार ठरवा

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तुलाचं चित्र असं आहे. १० मीटर एअर पिस्तूल : .१७७, ७५ मिनिटांत ६० शॉट. २५ मीटरला महिलांचा पिस्तूल प्रकार, पुरुषांचा रॅपिड फायर आणि स्टँडर्ड पिस्तूल : तिन्ही .२२ लाँग रायफल (हे काडतुसाचं नाव, पिस्तुलातही तेच). पुरुषांचा सेंटर फायर : ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरमधलं काहीही. ५० मीटर पिस्तूल, ज्याला जुने लोक 'फ्री पिस्तूल' म्हणतात, तेही .२२. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत जितू रायनं त्यातच सुवर्ण जिंकलं होतं, पण २०१६ च्या रिओनंतर तो प्रकार ऑलिम्पिकमधून गेला. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं त्याच्या मागे लागू नये.

यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. महिलांचा २५ मीटर पिस्तूल आणि पुरुषांचा सेंटर फायर यांची रचना सारखीच आहे : ३० शॉट प्रिसिजनचे, म्हणजे सावकाश नेम धरून, आणि ३० रॅपिडचे, म्हणजे झटपट. रॅपिडमध्ये लक्ष्य ३ सेकंद दिसतं आणि ७ सेकंद दडतं. हात ४५ अंशांच्या खाली धरून उभं राहायचं, लक्ष्य दिसलं की उचलून एकच शॉट. काम तेच, फक्त कॅलिबर वेगळं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच महिलांच्या प्रकारात, .२२ नं. जसपाल राणानं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली ती सेंटर फायरमध्ये.

तिसरी पायरी : सुरुवात .१७७ नंच करा

इथे माझं मत ठाम आहे. तुमचं अंतिम ध्येय .२२ असो वा .३२, पहिलं वर्ष एअर पिस्तूलला द्या. यात स्वस्त पडणं आणि परवाना न लागणं हा सोयीचा भाग आहे. खरं कारण हाताशी निगडित आहे.

१० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. सदऱ्याचं बटण काढून भिंतीला चिकटवा आणि दहा मीटर मागे जाऊन बघा. एका हातात साधारण एक किलोचं पिस्तूल धरून ते बटण टिपायचं आहे. आता हिशोब करू. पुढची आणि मागची साइट (नेम धरायचा काटा आणि खाच) यांत समजा ३२० मिलिमीटरचं अंतर आहे. मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट १ मिलिमीटर बाजूला सरकली, तर कागदावर शॉट ३१ मिलिमीटर बाजूला जातो. पेलेटची कड वर्तुळाला स्पर्शली तरी दहा मिळतात हे धरलं, तरी साइट पाव मिलिमीटर चुकली की दहा गेले. २५ मीटरच्या पिस्तुलात दोन साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. तिथे तीच १ मिलिमीटरची चूक कागदावर ११४ मिलिमीटर होते. या हिशोबात कॅलिबर कुठेही आलेलं नाही. .१७७ असो की .३२, साइट जुळवणं आणि चाप दाबताना ती जुळलेली ठेवणं हेच खेळाचं मूळ काम आहे.

ते काम एअर पिस्तूल सगळ्यांत प्रामाणिकपणे शिकवतं. पेलेट जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाचं, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. .२२ ची गोळी जवळपास दुप्पट वेगानं जाते. पेलेट हळू म्हणून ते नळीत जास्त वेळ राहतं, आणि शॉट सुटला असं वाटून मनगट सैल सोडलं तर तो ढिलेपणा थेट कागदावर उतरतो. शॉटनंतर दोन सेकंद हात जागच्या जागी धरायची सवय, ज्याला आपण फॉलो थ्रू म्हणतो, इथे सक्तीनं लागते. धक्का नसल्यामुळे चूक झाली की कशामुळे झाली हेही दिसतं.

साहित्याबद्दल थोडं. नियमाप्रमाणे पिस्तूल १५०० ग्रॅमपेक्षा जड नको, चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा, आणि सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसायला हवं. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पारदिनी ही नावं रेंजवर कायम ऐकू येतील. नवीन घ्यायचं तर किंमत लाखाच्या पुढे जाते, म्हणून पहिले काही महिने क्लबच्या पिस्तुलावर काढा.

वापरलेलं घेत असाल तर सगळ्यांत आधी हवेचा सिलिंडर उलटसुलट करून त्यावरची तारीख वाचा. या सिलिंडरचं आयुष्य उत्पादनापासून दहा वर्षं धरलेलं असतं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि दाबाखालची हवा भरलेली वस्तू जुनी झाली की ती हाताजवळ ठेवण्यासारखीही नसते. पिस्तूल स्वस्तात मिळालं आणि दोन्ही सिलिंडर बाद निघाले, हा अनुभव माझ्या गाठीशी आहे. विकणाऱ्यानं लपवलं नव्हतं, मीच पाहिलं नव्हतं.

पेलेट घेताना डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे दिसतील. तो पेलेटच्या डोक्याचा व्यास. सुरुवातीच्या सहा महिन्यांत त्यावर डोकं खपवू नका. कुठलाही चांगला सपाट तोंडाचा मॅच (स्पर्धेच्या दर्जाचा) पेलेट चालतो. पेलेटची मागची कड मात्र बघा. ती कागदासारखी पातळ असते, आणि डबा खाली पडला की चेपते. चेपलेलं पेलेट नळीत अंगठ्यानं बसवतानाच वेगळं लागतं. असं पेलेट बाजूला काढा, गुण मोजायच्या शॉटला वापरू नका.

चौथी पायरी : .२२ कडे कधी वळायचं

एअर पिस्तूलमध्ये ५४० च्या आसपास गुण सातत्यानं यायला लागले, म्हणजे सरासरी शॉटला ९, की .२२ ला हात लावायला हरकत नाही. हा आकडा नियमातला नाही, माझ्या अनुभवातला आहे. त्याआधी .२२ घेतलेल्यांना आवाज आणि धक्का यांच्याआड स्वतःच्या चुका सापडत नाहीत, असं मी अनेकदा पाहिलंय.

.२२ लाँग रायफलची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅम. धक्का हलका, पण आहे. शिवाय आवाज आहे, आणि तो कानाला इजा करण्याइतका आहे. इअरमफ पहिल्या दिवसापासून, शेजारच्या लेनवर दुसरा खेळत असतानासुद्धा.

चाप इथे किमान १००० ग्रॅम. ५०० वरून १००० वर आलेल्या बोटाला पहिले काही दिवस चाप दगडासारखा वाटतो आणि मग माणूस तो ओढायला लागतो. शॉट खाली-डावीकडे जायला लागले (उजव्या हाताच्या नेमबाजाचे) तर साइट फिरवू नका, आधी बोट तपासा. चापावर बोटाच्या पेराचा मधला भाग बसतोय ना, आणि चाप दाबताना बाकीची तीन बोटं आवळली जात नाहीत ना?

काडतुसाची निवड मात्र .२२ मध्ये खरंच महत्त्वाची आहे. वेष्टनावर 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेलं नको. मॅच पिस्तुलाची स्प्रिंग 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' काडतुसाच्या हिशोबानं जुळवलेली असते. जोरकस काडतूस लागलं की स्लाइड किंवा बोल्ट जास्त जोरात आपटतो आणि साइट लक्ष्यावर परत यायला वेळ लागतो. ४ सेकंदांत ५ शॉट मारायच्या रॅपिड फायरमध्ये तोच वेळ तुमच्याकडे नसतो. एली, आरडब्ल्यूएस, एसके, लापुआ, सीसीआय यांतलं जे तुमच्याकडे नियमित मिळतं ते घ्या, पण एकाच लॉटचं, म्हणजे एकाच खेपेत बनलेलं, घ्या. लॉट नंबर डब्यावर छापलेला असतो. पिस्तूल टेकवून २५ मीटरवर दहा-दहा शॉटचे गट काढून पाहा. जो लॉट तुमच्या नळीत सगळ्यांत घट्ट गट देतो आणि एकदाही अडकत नाही, तो तुमचा. अडकणं ही पिस्तूलमध्ये गटापेक्षाही मोठी डोकेदुखी आहे, कारण २५ मीटरच्या प्रिसिजन लक्ष्यावर दहाचं वर्तुळ चांगलं ५० मिलिमीटरचं आहे. बहुतेक मॅच काडतुसं त्यात आरामात बसतात.

.२२ चा एक तांत्रिक मुद्दा नवख्यांना माहीत नसतो. या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि पिन कडेवर आपटते. काडतूस नसताना चाप दाबला तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) कडेवर आदळून तिथे खळगा पडतो. म्हणून ड्राय फायरिंगसाठी पिस्तुलाची वेगळी सोय असेल तीच वापरा, नाहीतर डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, घाला.

पाचवी पायरी : .३२, आणि दचकणारा हात

.३२ स्मिथ अँड वेसन लाँगचं मॅच काडतूस पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला ते अर्धवट बनवलेलं वाटलं होतं. गोळीचं टोकच दिसत नाही. पितळी नळकांड्याच्या तोंडाशी सपाट शिसं, बस. याला वॅडकटर म्हणतात. सपाट कडेमुळे कागदात पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही. वजन ९८ ते १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आत, आणि वेग .२२ पेक्षाही कमी. तरी वजनामुळे हाताला बसणारा रेटा .२२ च्या जवळपास पावणेदोन पट होतो.

मग नियम ९.६५ मिलिमीटरपर्यंत परवानगी देतो तर मोठं कॅलिबर घेऊन मोठं भोक पाडावं, दहाच्या रेषेला स्पर्श होईल, असं अनेकांना वाटतं. त्याचा फायदा नाही. सेंटर फायरमध्ये वादग्रस्त शॉट मोजायचा गेज सगळ्यांसाठी ९.६५ मिलिमीटरचाच असतो. .३२ नं मारा की .३८ नं, भोक एकाच मापानं मोजलं जातं. मग जे कमी धक्का देतं तेच शहाणपणाचं. त्यामुळेच जगभरातले सेंटर फायर नेमबाज .३२ वर स्थिरावले.

धक्का वाढला की हात दचकायला शिकतो. मला हे कळलं तो दिवस चांगला आठवतो. .३२ वर आल्यानंतर माझे शॉट सहा वाजण्याच्या दिशेला, म्हणजे सरळ खाली, उतरायला लागले. मी पिस्तुलाला दोष दिला, मग काडतुसाला. कोचनी काही न बोलता मॅगझिन मागून घेतलं, पाठ फिरवून भरलं आणि परत दिलं. पहिले दोन शॉट ठीक. तिसऱ्याला मी चाप दाबला, शॉट झालाच नाही, आणि माझ्या डोळ्यांसमोर पिस्तुलाचं तोंड दोन बोटं खाली गेलं. कोचनी मध्ये डमी घातली होती. धक्का आलाच नव्हता, पण माझा हात त्याला उत्तर देऊन मोकळा झाला होता.

ही तपासणी तुम्हीही करा, दर पंधरवड्याला. पाचांत दोन डमी, भरणारा दुसरा, आणि तोंड रेंजच्या दिशेलाच. हात दचकतोय असं दिसलं तर त्या दिवशी .३२ पेटीत ठेवा आणि एअर पिस्तूल काढा. आठवडाभर .१७७ वर शंभर-शंभर शॉट आणि ड्राय फायरिंग केल्यावर हात ताळ्यावर येतो. मोठे नेमबाजही दोन कॅलिबरमध्ये जा-ये करतात. मनू भाकर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एअर पिस्तूलचं कांस्य घेऊन त्याच आठवड्यात .२२ च्या अंतिम फेरीत चौथी आली.

९ मिलिमीटरचं काय?

हा प्रश्न येतोच. भारतात ९ मिलिमीटर 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडतं. सामान्य नागरिकाच्या परवान्यावर ते मिळत नाही, त्यामुळे त्याच्याभोवती योजना आखू नका. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी गोष्ट वेगळी आहे. तिथल्या २७०० गुणांच्या 'बुल्सआय' स्पर्धेत .२२, सेंटर फायर आणि .४५ असे तीन टप्पे असतात, प्रत्येकी ९० शॉट. अनेक जण सेंटर फायरलाही .४५ च वापरून दोन पिस्तुलांत भागवतात. तिथेही सुरुवात .२२ नंच करा. कारण वर सांगितलेलंच आहे.

सहावी पायरी : कागदपत्रं

ठरावीक मर्यादेतल्या .१७७ एअर पिस्तूलला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र दुकानदार घेतो, आणि तो द्यावा. .२२ आणि .३२ साठी शस्त्र कायद्याखाली परवाना हवा, त्यासाठी वय २१ पूर्ण हवं. अर्ज पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून अर्ज खेळाच्या प्रगतीच्या बरोबरीनं चालू ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रं ठेवता येतात. खेळाडूंना वेगळ्या सवलती आहेत, पण त्या स्पर्धांतल्या कामगिरीवर ठरतात. म्हणजे पुन्हा एअर पिस्तूलपासूनच गुण गोळा करायचे.

त्यासाठी जिल्हा, मग राज्य, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय अशी वाट आहे. ग. वा. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच. राष्ट्रीय स्तरावर 'रिनाउन्ड शॉट' ही पात्रता मिळाली की शस्त्रं आणि काडतुसं आयात करायची मुभा मिळते, आणि मग हवी ती .३२ मिळवणं खूप सोपं होतं. जवळची रेंज शोधताना मुंबईकरांना वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची, पुणेकरांना बालेवाडीच्या क्रीडा संकुलातली आणि कोल्हापूरकरांना दुधाळीची रेंज माहीत असायला हवी.

पहिल्या दिवशी रेंजवर

पैसे खर्च करायच्या आधी कोचना सांगून क्लबची दोन वेगळी एअर पिस्तुलं हातात घ्या. ग्रिप बघा : तळहाताचा खालचा आधार हाताला टेकतोय का, अंगठ्याजवळ पोकळी राहतेय का. डोळे मिटा, हात लक्ष्याच्या दिशेनं उचला, मग डोळे उघडा. साइट आपोआप एका रेषेत दिसत असतील तर ती ग्रिप तुमच्या हाताची आहे. नसेल तर तिचं माप बदलता येतं का, लाकूड घासून किंवा लांबी (पुट्टी) भरून ती जुळवता येईल का, हे विचारा. पिस्तूल खाली ठेवताना चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅगची रंगीत दोरी घाला, तोंड लक्ष्याकडे ठेवा आणि टेबलापासून एक पाऊल मागे या.